गुरुवारची किल्ली

शिबिर तरुणांसाठी होतं.
फळ्यावर तसं लिहिलंच होतं, खडूनं, ठळक.
पुण्याहून आलेले वक्ते पडद्यावर आलेख दाखवत होते
आणि आम्ही पंचमंडळी पहिल्या रांगेत
हाताची घडी घालून
मागच्या पोरांकडे वळून वळून बघत होतो.

मी एकसष्टचा.
माझगावच्या गोदीतून फिटर म्हणून निवृत्त.
मंडळीत सगळे ओहोळमामा म्हणतात.
दानाच्या थैलीचा हिशेब माझ्याकडे,
प्रभुभोजनाच्या पेल्यांचा ट्रेही माझ्याकडेच.
माझ्या हातून कधी थेंब सांडलेला नाही.

सुवार्ता हॉस्पिटलात. आठवड्यातल्या चार रात्री तिची पाळी.
त्या रात्री मी आधी पाणी भरून घेतो,
गॅसचा खटका बघतो,
वचनाच्या कॅलेंडरकडे पाठ करून बसतो.
मग तो उजेडाचा चौकोन.
अंगठा किती शिकलेला असतो!
मला नुसती सही करायला लागतो तेवढ्या वेळात
तो तिथं पोचलेला.

अकरा वर्षं.
एकही चेहरा आठवत नाही.
एक दंड तेवढा आठवतो.
त्यावर लसीचा वण होता,
माझ्या बहिणीच्या दंडावर आहे तसाच,
चार आण्यांच्या नाण्याएवढा.
म्हणजे हिलाही कुणीतरी कडेवर घेऊन
सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहिलं होतं.
दुखल्यावर फुंकर घातली होती.

त्या रात्री मी फोन पिठाच्या डब्यात पुरला.
पहाटे चारला
माझा हात कोपरापर्यंत पिठात.

रविवारी ट्रे फिरवला.
सगळ्यांचं झाल्यावर शेवटचा पेला माझा असतो.
तो मी तसाच ठेवला.
एवढंच. पण पाळकबाईंनी पाहिलं.

उपासनेनंतर मागच्या खोलीत आम्ही पेले विसळत होतो,
एकशे बेचाळीस, बोटाच्या पेराएवढे.
खिडकीतून गोदीतली क्रेन दिसत होती,
रविवारची, मान वर करून थांबलेली.
"एक भरलेला राहिलाय," त्या म्हणाल्या.
"माझा आहे."
आणि मग सांगितलं,
नळाकडे बघत,
पाण्याच्या आवाजाहून जरासं मोठ्यानं.

वाटलं होतं, ट्रे काढून घेतील.
किंवा डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना करतील,
जिच्यात माझी गोष्ट सगळ्या जगाच्या पापात विरघळून जाईल
आणि मी कोरडाच घरी जाईन.
वडिलांच्या काळी एकाला दारूपायी
सहा महिने शेवटच्या बाकावर बसवलं होतं.
मुदत संपली तरी तो पुढं आला नाही.
मेला तेव्हाही लोक म्हणाले, तो शेवटच्या बाकावरचा.

बाईंनी नळ बंद केला.
"घरी माहीत आहे?"
"नाही."
"मी सांगणार नाही. तुम्हालाच सांगावं लागेल."
मग एक पेला पुसला, दुसरा पुसला.
"गुरुवारी सातला ही खोली रिकामी असते.
आणखी चौघं आहेत. नावं दार उघडल्यावर कळतील.
मी नसेन. चहा तुम्ही टाका."
आणि पदराच्या गाठीतली किल्ली सोडून
माझ्या ओल्या हातात ठेवली.

बुधवारी सुवार्ताला सांगितलं.
ती काही बोलली नाही.
गणवेशाची घडी घालत होती, ती मोडली,
पुन्हा घातली.
डबा माझ्याच हातचा नेला.
अजून बोललेली नाही.

गुरुवारी साडेसहालाच गेलो.
कुलूप अडत होतं, तेलाचा थेंब सोडला.
पाच खुर्च्या मांडल्या, पाठी भिंतीला लावून,
म्हणजे मागचं असं कुणी राहू नये.

पहिला आला तो थोरात,
शिबिरात माझ्या शेजारी
हाताची घडी घालून बसलेला.
दारातच थबकला.
आम्ही दोघंही जमिनीकडे बघत होतो.
"साखर?" मी विचारलं.
"बंद आहे," तो म्हणाला.
मग म्हणाला, "घाल अर्धा चमचा."